आधी बेडूक, मग चाल: पावसाळी रात्रीच्या आवाजावर गाणं बांधायचं असेल तर

निसर्गावरचं गाणं बहुतेक बँड शेवटाकडून सुरू करतात. चाल बसते, रेकॉर्डिंग होतं, मिक्सही आटोपत येतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "सुरुवातीला थोडा पाऊस टाकू या का?" नेटवरून पावसाची फाइल उतरते आणि इंट्रोला चिकटते. शब्दांत कोकण असतं आणि पावसामागे युरोपातला ब्लॅकबर्ड शीळ घालत असतो. पक्ष्यांची जराशी ओळख असलेल्याला हे पाच सेकंदांत कळतं, आणि असं गाणं सगळ्यात आधी ऐकायला येतो तो नेमका तोच माणूस.

त्यापेक्षा जागेचा आवाज आधी मुद्रित करा, लय आणि पट्टी त्यातून काढा आणि शब्द सगळ्यात शेवटी लिहा. खाली उदाहरणाला सिंधुदुर्गातली आंबोली घेतली आहे. जागा दुसरी असली तरी काम तेच.

कधी, कुठे आणि कुणाला विचारून

आंबोली घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतरचे दोन-तीन आठवडे धरायचे. तेव्हा बेडूक एकदम विणीला लागतात आणि पावसाला उघडीपही मिळते. जुलैत पाऊसच असा कोसळतो की त्याच्याखाली दुसरं काही ऐकू येत नाही. बेडकांचा जोर रात्री आठ ते अकरा असतो, पण तेव्हा घाटातून ट्रक चालू असतात. स्वच्छ आवाज हवा असेल तर रात्री दोन ते साडेचार. शनिवार-रविवार टाळा, धबधब्यावरची गर्दी आणि गाड्यांतले स्पीकर लांबपर्यंत ऐकू येतात. धबधब्याचाही त्रासच: तो सतत, सगळ्या फ्रिक्वेन्सींत वाजत राहतो आणि नुसतं लांब जाऊन सुटका होत नाही. तुमच्या आणि त्याच्या मध्ये एखादं टेकाड यायला हवं.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या मोकळ्या पठारावर, पाय कुठे टाकताय ते बघा. आंबोली टोड ही जात २००९ साली शास्त्रीय नावानिशी नोंदवली गेली आणि तिचा वावर फार थोड्या भागात आहे. ती अंडी घालते ती सड्यावरच्या उथळ डबक्यांत. चपलेचा तळवाही बुडणार नाही इतकं पाणी असलं तरी त्यात ट्रायपॉडचा पाय नको. कोरड्या खडकावरून चाला, माइक डबक्याच्या कडेला ठेवा.

परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे प्रवेशालाच परवाना लागतो आणि रात्रीचा प्रवेश सहसा मिळत नाही. राखीव वनात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. त्यात तारखा, माणसं किती, सामान काय आणि रेकॉर्डिंग कशासाठी हे लिहा. 'शूटिंग' हा शब्द वापरू नका, नाहीतर अर्ज चित्रपटांच्या फायलीत जाऊन पडतो. देवराईत काम असेल तर गावकीला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि कुठून पुढे चप्पल काढायची, कुठे आवाज करायचा नाही, हे त्यांनी सांगितलेलं पाळायचं. आंबोलीतल्या हिरण्यकेशी मंदिराचा परिसर २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. तिथल्या कुंडात पाण्याखालचा माइक सोडून बघायचा मोह होतो. सोडू नका. बिनकटकटीचा पर्याय म्हणजे कुणाच्या तरी खाजगी शेताचा बांध. मालकाशी बोलून घेतलं की झालं, आणि भातखाचरातला बेडूक आवाजात कुठेही कमी पडत नाही.

सामान

महाग रेकॉर्डरपेक्षा कमी खरखरीचा माइक महत्त्वाचा. प्रिमो कंपनीची ईएम२७२ ही छोटी कॅप्सूल घालून बनवलेल्या ओम्नी, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऐकणाऱ्या, माइकची जोडी अशा कामाला उत्तम. तिची स्वतःची खरखर १४ डीबीए इतकीच असते, त्यामुळे लांबची शीळसुद्धा आवाजात बुडत नाही. रेकॉर्डर ३२-बिट फ्लोटचा असेल, उदाहरणार्थ झूमचा एफ३ किंवा एच१ इसेन्शियल, तर गेनची, म्हणजे आवाज किती मोठा घ्यायचा याची, चिंता जवळजवळ मिटते. साधा २४-बिट रेकॉर्डरही चालतो. त्यावर बेडकांचे सगळ्यात मोठे आवाज उणे १२ डीबीच्या आसपास ठेवायचे, कारण शांत वाटणाऱ्या डबक्यात माइकशेजारचाच एखादा बेडूक अचानक ओरडतो आणि सगळा टेक फाटतो.

४८ किलोहर्ट्झ पुरे. २४-बिट स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो, ३२-बिट फ्लोटला १.४ जीबी. म्हणजे ३२ जीबीच्या एका कार्डात दोन रात्री आरामात मावतात. सेल पेन्सिलचेच घ्या. स्वस्त पॉवर बँकेवर रेकॉर्डर चालवला तर तिच्या आतल्या सर्किटची बारीक शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये उतरते आणि ती घरी येईपर्यंत कळत नाही. मोबाइल एअरप्लेन मोडवर, माइकपासून लांब.

वाऱ्यासाठी माइकबरोबर आलेला स्पंज पुरत नाही, त्यावर केसाळ कव्हर हवंच. पण खरी पंचाईत पावसाची. टपोरा थेंब माइकच्या कव्हरवर, छत्रीवर किंवा प्लास्टिकवर पडला की टक्-टक् असा आवाज येतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. इरलंही उपयोगाचं नाही, पानं कडकडतात. यावर इलाज कोकणात शेकड्याने मिळतो: काथ्या. माइकच्या वर साधारण ३० सेंटीमीटरवर छत्री धरा आणि छत्रीवर पिंजलेल्या काथ्याचा दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरून सुतळीने बांधा. थेंब काथ्यात फुटतो, झिरपतो आणि आवाज न करता कडेने उतरतो. काथ्या पूर्ण भिजून जड झाला की उपयोग कमी होतो, म्हणून दोन संच ठेवा आणि तासाभराने बदला.

दमट हवेत कंडेन्सर माइक फटफटायला लागतो, तेल गरम झाल्यावर मोहरी तडतडते तसा. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून काढून लगेच लावला तर हमखास. माइक आणि सिलिका जेलची पुडी एका घट्ट डब्यात ठेवा आणि डबा अर्धा तास आधीच बाहेर काढून न उघडता हवेच्या तापमानाला येऊ द्या. फटफट सुरू झालीच तर माइक बंद करून डब्यात टाका. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आणखी आत जाते.

शेवटी गमबूट, दोन टॉर्च आणि एकावर लाल जिलेटीन.

चाळीस मिनिटं लांब थांबायचं

माइक स्टँडवर न लावता झाडाच्या खोडाला लावले तर स्टिरिओ छान येतो. खोडाच्या दोन बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, एकमेकांपासून ४० ते ५० सेंटीमीटरवर. खोड मधल्या डोक्याचं काम करतं. हेडफोनवर ऐकताना डबकं डावीकडे आणि रातकिडे उजवीकडे असे सुटे होतात. हात घालण्याआधी फांदी आणि खोड टॉर्चने नीट बघा. चापडा हा विषारी साप पावसात झुडपांवर, नेमका हाताच्या उंचीवर बसलेला असतो आणि पानासारखाच दिसतो.

रेकॉर्डर सुरू केल्यावर तोंडाने तारीख, वेळ, जागा, पाऊस आहे की थांबलाय, माइक कुठला, हे बोलून ठेवा. महिन्याभराने फायलींच्या नावावरून काही आठवत नाही. मग निघून जा. माणूस आला की बेडूक गप्प होतात. पाच-दहा मिनिटांनी एखादा सुरू करतो, मग शेजारचा, मग सगळे. तुम्ही तिथेच उभे राहिलात तर रेनकोटची सळसळ, पोटातली गुडगुड आणि नाक ओढल्याचा आवाज, सगळं टेकमध्ये येतं. निदान ५० मीटर लांब जा आणि ४० मिनिटं परत येऊ नका. वापरायला लागतात शेवटची पंधरा.

पक्षी किंवा बेडूक बोलावेत म्हणून त्यांचा आवाज स्पीकरवर वाजवायचा नाही. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. तो जोडीदार आणि खाणं सोडून स्पीकरशी भांडत बसतो.

पहाटेसाठी माइक तिथेच राहू द्या. साडेपाचच्या सुमाराला शीळकरी कस्तुर सुरू झाला तर माणसाने निवांत, जरा रेंगाळत घातल्यासारखी शीळ मिळते. सुरात असल्यासारखी वाटते पण पट्टी धरत नाही. पावशाचं उलटं: 'पेरते व्हा, पेरते व्हा' दर फेरीला वर चढत जातं आणि टोकाला जाऊन तुटतं. हे दोघं गाण्याखाली सतत वाजू शकत नाहीत. त्यांना वाद्यं थांबतात ती जागा द्यायची.

लय आणि पट्टी बेडकाकडून

घरी आल्यावर त्या पंधरा मिनिटांतला असा तुकडा शोधा ज्यात एक बेडूक इतरांपेक्षा जवळून आणि सलग ओरडतोय. ३० सेकंदांत किती वेळा ओरडला ते मोजा. समजा २३ वेळा. म्हणजे मिनिटाला ४६, आणि दर दोन मात्रांना एक हाक धरली तर ९२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९२ मात्रा. भजनी ठेक्यात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेवर बेडूक येतो. ढोलकी किंवा कहोन (पेटीसारखं तालवाद्य) याच्याभोवती बसवा.

बेडूक क्लिकवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या टिकटिक ठेक्यावर, चालत नाही. मधेच दम घेतो, शेजारच्याने घाई केली की आपणही करतो. पहिली प्रतिक्रिया म्हणून त्याला ग्रिडवर ओढून बसवाल, आणि बेडकाचं ड्रम मशीन होईल. त्याऐवजी त्याच्या हाकांवर टेम्पो मॅप काढा आणि क्लिकच किंचित मागेपुढे जाऊ द्या. एक-दोन बीपीएमचा हेलकावा वादक सहज पेलतात. दोन वेगवेगळ्या रात्रींचे टेक मात्र जोडू नका. बेडूक काय नि रातकिडे काय, थंडीत संथ होतात आणि उकाड्यात भरभर बोलतात. सोमवारची आणि गुरुवारची रात्र जोडली की सांध्यावर लय बदललेली जाणवते आणि बँडला वाटतं ढोलकीवाला चुकला.

आता पट्टी. त्याच बेडकाची हाक स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर टाका आणि सगळ्यात उंच शिखर कुठे आहे ते बघा. समजा ११८० हर्ट्झ. जवळचा स्वर डी, म्हणजे पांढरी दोन, ११७४.७ हर्ट्झवर. फरक सुमारे ८ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). गिटार आणि बेस असेल तर ट्यूनर ४४० ऐवजी ४४२ वर लावा, काम झालं. हार्मोनियम असेल तर ती हलत नाही, तेव्हा बेडकालाच ८ सेंट खाली आणा. एवढ्याने त्याचा पोत बिघडत नाही. पन्नास सेंट ओढलं की तो कार्टून होतो.

रातकिड्यांच्या स्वराच्या मागे लागू नका. त्यांची किरकिर बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या वर असते आणि तिथे कानाला नेमका स्वर नीट पकडता येत नाही, नुसती चमक जाणवते. गायिकेच्या आवाक्यात पांढरी दोन बसत नसेल तर षड्ज दुसरीकडे ठेवा आणि बेडकाला पंचम किंवा मध्यम करा. पांढरी पाचमध्ये तो पंचम होतो, काळी चारमध्ये तीव्र मध्यमाच्या भानगडीत पडावं लागतं. म्हणून पट्टी आधी ठरवा, मग तालमी.

शब्द

'निसर्ग', 'धरती', 'पर्यावरण', 'वाचवा' हे चार शब्द बंदच करून लिहायला बसा. त्यांच्या जागी जे डोळ्यांनी दिसलं त्याची नावं येतात: ऐन, किंजळ, अंजन, कारवी, करवंदाची जाळी, भाताचं तरव्याचं खाचर, गाडीखाली आलेला बेडूक. पर्यावरणाचा प्रश्न त्या शेवटच्या नावात पुरता येतो. पहिल्या पावसात घाटरस्ता ओलांडणारे बेडूक रात्रीच्या गाड्यांखाली जातात, हे एका कडव्यात सांगता येतं, आणि धृपदात सल्ला देण्याची गरज उरत नाही.

नावं घ्यायची तर मोसम सांभाळा. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये, काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. कारवी सात वर्षांनी एकदा, पावसाच्या उत्तरार्धात. एकाच रात्री काजवे आणि कारवीची फुलं आली तर ती रात्र फक्त तुमच्या वहीतली. सह्याद्रीच्या रानात गुलमोहर आणायचा असेल तर जाणूनबुजून आणा. तो मूळचा मादागास्करचा आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेला. नाचणारा मोर काही वर्षं सुट्टीवर पाठवला तरी कुणाची तक्रार येणार नाही.

मिक्स: पाऊस टीव्हीच्या मुंग्यांसारखा का ऐकू येतो

मुसळधार पाऊस म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम. स्टुडिओत तो भव्य वाटतो, फोनच्या स्पीकरवर जुन्या टीव्हीतल्या मुंग्या ऐकू येतात. वर स्ट्रीमिंगसाठी फाइल लहान करणारा कोडेक कमी बिटरेटला अशा आवाजावर बिट खर्च करत बसतो आणि झांजा-शेकर किंवा गळ्यातला श्वास गढूळ होतो. म्हणून पावसाचा पसारा कमी आणि थेंब जास्त ठेवा. अळूच्या पानावर, पत्र्यावर, उपड्या हंड्यावर पडणारा पाऊस साधारण एका हातावरून वेगवेगळा मुद्रित करा. लांबचा पाऊस या सगळ्यांखाली अगदी हलका. कानाला पत्रा ओळखू येतो, मग बाकीचा पाऊस तो स्वतःच भरून घेतो.

क्रम असा ठेवा. आधी ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथे वारा आणि लांबचे ट्रक असतात. नॉइज रिडक्शन फार तर ४ ते ६ डीबी. जास्त लावलं की बेडूक बाटलीतून बोलल्यासारखे बुडबुडतात. गाणारा आवाज सुरू झाला की पावसातले २ ते ५ किलोहर्ट्झ ३ डीबीने दबतील असा डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरत्याच फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर) गाण्याच्या ट्रॅकला जोडा. व्यंजनं तिथेच असतात. पाऊस नुसता कमी करण्यापेक्षा हे बरं, कारण ऐकणाऱ्याला पाऊस कमी झालेला कळत नाही आणि शब्द मात्र कळतात. जागेच्या आवाजावर रिव्हर्ब घालू नका, त्यात दरीचा स्वतःचा घुमारा आहे. गाणाऱ्या आवाजावर घाला, पण बेडकांच्या मागे जाईल एवढा नको.

लूप करायची वेळ आलीच तर निदान ९० सेकंदांचा तुकडा घ्या आणि सांधा ३ ते ५ सेकंदांच्या क्रॉसफेडने मारा. त्यात लक्षात राहील असा एखादा पक्षी असेल तर तो काढा, नाहीतर दर दीड मिनिटाला तोच येतो आणि गंमत उघडी पडते.

इंट्रोत नुसता पाऊस ४० सेकंद ठेवायचा हट्ट होतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम मोजला जातो आणि ऐकणारा त्याआधीच पुढे सरकतो. दहा सेकंद पाऊस, मग बेडूक, त्याच्या चौथ्या हाकेला ठेका. लांब पाऊस शेवटी ठेवा. मास्टर उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक उणे १ डीबी. त्याहून दाबलं तर प्लॅटफॉर्म गाणं खाली आणतो आणि थेंबांची टोकं आधीच चेपलेली राहतात. शेवटची तपासणी म्हणून ९६ केबीपीएसला एक्स्पोर्ट करून चालत्या रिक्षात ऐका.

रिलीज

बाहेरचा आवाज घ्यावाच लागला तर परवाना वाचून घ्या. झेनो-कांटोवरची पक्ष्यांची रेकॉर्डिंग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली असतात, पण त्यातल्या पुष्कळांना 'नॉन-कमर्शियल' ही अट असते आणि काहींना 'नो-डेरिव्हेटिव्ह्ज' हीसुद्धा. विकायच्या गाण्यात ती चालत नाहीत. रेकॉर्डिस्टला मेल करून लेखी होकार घ्या. पक्ष्याला हक्क नाही, मुद्रण करणाऱ्याला आहे. सँपल पॅकमधला पाऊस घातला आणि यूट्यूबवर कंटेंट आयडी (तुमचा आवाज दुसऱ्यांच्या व्हिडिओत शोधणारी यंत्रणा) चालू ठेवला तर तोच पाऊस वापरणाऱ्या परक्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे पडतात, मग गाणं स्ट्रीमिंगवर चढवणारा वितरक तुमचंच गाणं उतरवतो. अशा गाण्याला कंटेंट आयडी बंद ठेवा. जात्यावरची ओवी घेतलीत तर ओवी परंपरेची, पण जिच्या तोंडून ती मुद्रित केली तिचं नाव आणि मोबदला कागदावर हवा.

कवी आणि संगीतकार कोण, कुणाचा किती वाटा, हे रिलीजआधी एका पानावर सह्या करून ठेवा. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत दोघांची नोंदणी हवी. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा बारा अक्षरांचा क्रमांक वितरक देतो. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. भाषा 'मराठी' निवडा आणि नाव देवनागरीत ठेवलं तरी यूट्यूबच्या वर्णनात रोमन लिपीतही लिहा, कारण बहुतेक जण तसंच टाइप करून शोधतात. बेडकांचं श्रेय देताना जागा, तारीख आणि जात लिहा, पण दुर्मीळ जातीच्या डबक्याचा नेमका पत्ता नको. फोटोवाले तिथे रांग लावतात.

२०२४ मध्ये यूएन लाइव्हच्या 'साउंड्स राइट' उपक्रमाने 'नेचर' हा कलाकार स्ट्रीमिंगवर आणला. त्याच्या नावाने येणाऱ्या रॉयल्टीचा हिस्सा संवर्धनाच्या कामाला जातो. सहभागी व्हायचं तर आधी उपक्रमाकडे विचारणा करा, मनाने 'फीचरिंग' रकान्यात ते नाव टाकू नका. स्वतःच पैसे देणार असाल तर 'उत्पन्नाचा काही भाग' असं लिहू नका. कुठल्या संस्थेला, किती टक्के, कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहा आणि संस्थेचा होकार आधी घ्या. हिशेबही वास्तव ठेवा: स्पॉटिफायवर बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळतच नाही. गावात एक तिकीट लावलेला कार्यक्रम त्याहून जास्त देतो.

व्हिडिओसाठी काजव्यांवर दिवे मारू नका. नर-मादी एकमेकांना त्याच उजेडाने शोधतात.

जूनमध्ये मुद्रित केलेलं गाणं त्याच पावसात बाहेर काढायची घाई नको. मिक्सला दिवाळीपर्यंत वेळ द्या. संपादकीय प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायला गाणं निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, वितरकाच्या दिरंगाईसकट चार आठवडे धरा. म्हणजे फाइल एप्रिलच्या शेवटी वितरकाकडे, आणि गाणं मेअखेर, पावशा ओरडायला लागला की.